सपाट छपराला ढाळ देण्यासाठी निमुळत्या लाकडी पट्ट्या: १०० मिलिमीटर आणायचे कुठून?

लेस्टरवासी

नमस्कार. लेस्टरमध्ये आमचे १९३०च्या दशकातले, कोपऱ्यावरचे जोडघर आहे. त्याच्या बाजूला आधीच्या मालकाने कधीतरी एक खोली वाढवली असून तिचे छप्पर सपाट आहे, आणि या धाग्याचे कारण म्हणजे ते अगदी शब्दशः सपाट आहे. घराच्या भिंतीपासून बाहेरच्या पन्हळीपर्यंत तुळया ३.६ मीटर लांबीच्या आहेत, भिंतीच्या दिशेने छपराची लांबी ५.२ मीटर आहे, तुळया दर ४०० मिलिमीटरवर बसवलेल्या आहेत आणि त्या एकूण १४ आहेत. पावसानंतर छपराच्या मधोमध साधारण तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद डबके उरते. मी शिडीवर चढून पट्टी बुडवून पाहिली, तेव्हा सरासरी १५ मिलिमीटर खोली भरली. म्हणजे ९० लिटर, अर्थात ९० किलो पाणी दिवसेंदिवस तिथे मुक्काम करते. त्या वजनाने तुळया आणखी वाकतात, वाकल्या की डबके आणखी खोल होते, आणि हे चक्र थांबण्याचे काही कारण मला दिसत नाही.

छपरावरचे फेल्ट, म्हणजे डांबरी आवरण, आता जागोजागी फुगलेले आहे, त्यामुळे आवरण तर बदलायचेच आहे. इथले सुतार तुळयांवर ज्या निमुळत्या पट्ट्या ठोकतात, ज्यांना ते ‘फरिंग’ म्हणतात, त्या बसवून याच वेळी ढाळही द्यावा असा विचार आहे. एका ठेकेदाराने १:८० पुरे म्हणून सांगितले, दुसऱ्याने १:४० शिवाय हात लावणार नाही असे सांगितले. दोघांनीही कारण मात्र सांगितले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

काटकोन

दोघेही एकाच मानकातले आकडे सांगत आहेत, फक्त निरनिराळ्या ओळींतले. सपाट छपरांसाठीच्या ब्रिटिश मानकात, म्हणजे बीएस ६२२९ मध्ये, १:८० हा काम पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष छपरावर मिळालाच पाहिजे असा किमान ढाळ आहे, आणि तो हमखास मिळावा म्हणून आराखडा १:४०चा धरण्याची शिफारस आहे. (त्याच मानकानुसार १० अंशांपर्यंतचे छप्पर ‘सपाट’ गणले जाते, तेव्हा सपाट या शब्दावर कोणी फार विसंबू नये.)

मधला फरक जातो कुठे, हे आपल्याच मापांवर पाहू. इथल्या निवासी बांधकामाच्या तक्त्यांत लाकडी तुळईचा बाक लांबीच्या ०.००३ पटीपर्यंत चालवून घेतला जातो. ३.६ मीटरला तो जवळजवळ ११ मिलिमीटर होतो. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण बाक आलेल्या तुळईचा पन्हळीकडचा भाग उताराच्या विरुद्ध दिशेने वर उचलल्यासारखा होतो. सारख्या पसरलेल्या भाराखाली हा टोकाचा कल, मधला बाक भागिले लांबी, याच्या सुमारे ३.२ पट असतो, म्हणजे इथे मीटरमागे ९.६ मिलिमीटर.

आता वजाबाकी करा. १:८० म्हणजे मीटरमागे १२.५ मिलिमीटर ढाळ. त्यातून ९.६ गेले की पन्हळीजवळ उरतात २.९, आणि तेवढा ढाळ तर फेल्टचा एखादा जोडही खाऊन टाकतो. १:६० धरला तर १६.७ मधून ७.१ उरतात, तेही कमीच. १:४० म्हणजे मीटरमागे २५, त्यातून ९.६ गेले तरी १५.४ उरतात आणि १:८०ची अट सुटसुटीत पाळली जाते. तुळया जास्त खोलीच्या असतील आणि बाक खरोखरच कमी येतो हे गणिताने दाखवता येत असेल, तर आराखड्याचा ढाळ कमी करता येतो. गणित न करता १:८०च्या पट्ट्या मागवणे म्हणजे डबके मधून उचलून पन्हळीच्या कडेला नेऊन ठेवणे होय.

लेस्टरवासी

इतके स्वच्छ उत्तर मला आजवर कोणी दिले नव्हते. मनापासून आभार. मात्र त्यावरून हिशेब मांडायला बसलो आणि नवेच संकट उभे राहिले.

३.६ मीटरला १:४० म्हणजे ९० मिलिमीटर. पट्टीचे बारीक टोक शून्यावर नेता येत नाही म्हणून तिथे १० धरले, तर भिंतीकडचे जाड टोक १०० होते. त्यावर १८ मिलिमीटरचे ओएसबी-३ (लाकडाच्या चकत्या दाबून केलेले) बोर्ड, त्यावर बाष्परोधक पडदा, मग १४० मिलिमीटरचे पीआयआरचे उष्णतारोधक बोर्ड आणि वर पुन्हा १८चे ओएसबी, ज्यावर ईपीडीएम रबर चिकटेल. हे झाले २७६. त्याच्या वर रबर भिंतीवर किमान १५० मिलिमीटर चढवले पाहिजे. एकूण ४२६.

आणि तुळईच्या माथ्यापासून जिन्याच्या मधल्या टप्प्यावरच्या खिडकीच्या सिलपर्यंत माझ्याकडे आहेत ३१०. तब्बल ११६ मिलिमीटर कमी पडतात! १:६० केला तरी ८६ कमी पडतात, शिवाय तो ढाळ पुरत नाही हे आपण वर दाखवलेच आहे.

पागोळी

उष्णतारोधक थर छपरावर न घालता तुळयांच्या मध्ये भरला, तर आपला हिशेब १०० अधिक १८ अधिक १५०, म्हणजे २६८ वर येतो आणि खिडकी वाचते. हा सल्ला आपल्याला कोणीतरी देणारच, म्हणून आधीच लिहून ठेवते. आम्ही ब्रिस्टलच्या घरात नेमके हेच केले आणि पस्तावलो.

अशा ‘थंड’ छपरात रोधक थराच्या वर ५० मिलिमीटरची मोकळी पोकळी ठेवून तिच्यातून वारा आरपार खेळता ठेवावा लागतो. आमच्याकडे पन्हळीच्या बाजूला हवेची जाळी होती, पण दुसरे टोक घराच्या भिंतीला भिडलेले होते, तेव्हा आरपार हा शब्द कागदावरच राहिला. स्वयंपाकघरातली दमट हवा दिव्यांच्या भोकांतून वर जायची आणि गार बोर्डाच्या पोटाशी थेंब धरायचे. तिसऱ्या हिवाळ्यात छताला तपकिरी डाग पडले, म्हणून आम्ही छप्पर गळते असे समजून दोनदा माणूस बोलावला. अखेर एक बोर्ड उचलला, तर वरचे आवरण ठणठणीत आणि बोर्डाची खालची बाजू काळी पडून बोटाने कुरतडता येईल इतकी मऊ. फरिंगच्या पट्ट्यांचे भिंतीकडचे टोकही काळे पडले होते. आपल्याही तुळया भिंतीवरच टेकतात, म्हणून सांगते.

ओळंबा

लाकडी पट्ट्यांऐवजी कारखान्यातच निमुळते कापून येणारे पीआयआर बोर्ड वापरण्याचा विचार केला आहे का? पन्हळीकडे १०० आणि भिंतीकडे १९० जाडी ठेवली, तर सरासरी १४५ पडते. मग हिशेब १८ अधिक १९० अधिक १८ अधिक १५०, म्हणजे ३७६. लाकडाच्या पद्धतीपेक्षा ५० मिलिमीटर वाचतात. तरीही आपल्याला ६६ कमी पडणारच, हे मान्य आहे. प्रत्येक बोर्डाला क्रमांक असतो आणि सोबत मांडणीचा नकाशा येतो. एक बोर्ड चुकीच्या ओळीत बसला की छपरावर पायरी तयार होते.

रंधा

उंचीची चर्चा योग्य दिशेने चालली आहे, तेव्हा मी हाताच्या कामाबद्दल लिहितो. मी इथे बरीच वर्षे सुतारकामातच काढली.

पहिली गोष्ट, पट्ट्या मागवताना लाकडाच्या वखारीत चार मापे द्यायची असतात: लांबी, रुंदी, जाड टोक, बारीक टोक. रुंदी तुळईइतकीच, म्हणजे बहुधा ४७. एका चौकोनी लाकडात तिरका काप घेतला की दोन पट्ट्या निघतात, एकीचे जाड टोक तिथे दुसरीचे बारीक. म्हणून आपल्या १४ पट्ट्या सात लाकडांतून निघतील. लाकूड रसायन मुरवलेले घ्या. पण तिरका काप गेल्यावर आतला कोरा गाभा उघडा पडतो, कारण रसायन फार आतपर्यंत गेलेले नसते. कापलेल्या अंगाला ब्रशने लाकूडरक्षकाचे दोन हात दिल्याशिवाय पट्टी वर चढवू नका. हे काम सगळेच टाळतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि वरच्या गणितात ती आलेली नाही. आपल्या तुळया आजच वाकलेल्या आहेत. सरळ कापलेली निमुळती पट्टी वाकलेल्या तुळईवर ठोकली की ती तुळईचाच बाक उचलते, ३.६ मीटरची पट्टी बारीक टोकाकडे इतकी लवचीक असते की खिळा मारताना ती आपणहून खाली बसते आणि करणाऱ्याला काम छान बसल्याचे समाधान मिळते. तेव्हा फेल्ट काढल्यावर आधी प्रत्येक तुळईच्या दोन टोकांवर सारख्या उंचीचे ठोकळे ठेवा, त्यांवरून सूत ताणा आणि दर ६०० मिलिमीटरवर सुतापासून तुळईपर्यंतचे अंतर मोजून त्या तुळईवरच पेन्सिलीने लिहा. ठोकळ्याची जाडी वजा केली की बाक कळतो. पाणसळ इथे उपयोगाची नाही, तिची लांबी अपुरी पडते.

बाक चार-पाच मिलिमीटर असेल तर पट्टीखाली पातळ कपच्या सारता येतात. दहाच्या पुढे असेल तर जुन्या तुळईच्या कुशीला नवी तुळई लावून बोल्टने आवळावी, नव्या तुळईचा माथा सुताला धरावा आणि पट्टी तिच्यावर बसवावी. खिळे मारताना बारीक टोकाला आधी छिद्र पाडून घ्या, नाहीतर पट्टी चिरते. जाड टोकाकडे १०० मिलिमीटर उंच आणि ४७ रुंद लाकूड उभे असते, ते बाजूला कलंडू शकते, म्हणून वरून लांब स्क्रू आणि दोन्ही बाजूंनी तिरके खिळे हवेत, शिवाय तुळयांच्या मध्ये आडवे ठोकळे हवेत.

माळवद

थोडे अवांतर वाटेल, पण विषय तोच आहे. माझे आजोळ सोलापूर जिल्ह्यात माळवदाच्या घरात होते. तुळया सपाट, त्यांवर फळ्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि ढाळ मात्र लाकडात नव्हे तर मातीत दिलेला असे. दर पावसाळ्याआधी आजोबा माती चोपून घेत आणि पन्हळीच्या तोंडाकडे हात फिरवून उतार पाहत. पुण्यामुंबईच्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात, तोही खालचा स्लॅब सपाट ठेवून ढाळ वरच्या थरात देण्याचाच प्रकार आहे. माझा प्रश्न असा, की ढाळ तुळयांच्या वरच का द्यायचा? बाहेरच्या भिंतीकडचे तुळईचे टोकच खाली घेतले तर?

काटकोन

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि छप्पर नव्याने बांधायचे असेल तर कित्येकदा तेच करतात. तुळया उतरत्या बसवतात आणि आतले छत समतल हवे असेल तर त्याच निमुळत्या पट्ट्या उलट्या करून तुळयांच्या खालच्या अंगाला ठोकतात. पण धागाकर्त्यांच्या बाबतीत दोन अडचणी आहेत. तसे केले तरी १८ अधिक १४० अधिक १८ अधिक १५० म्हणजे ३२६ होतात, उपलब्ध आहेत ३१०. शिवाय विटेचा एक थर सांध्यासह ७५ मिलिमीटर असतो. ९० मिलिमीटर खाली यायचे तर एक थर पुरत नाही आणि दोन थर काढले की दारावरच्या लिंटेलवर पुरेसे बांधकाम उरेल का, हे स्ट्रक्चरल अभियंत्याने पाहिल्याशिवाय हात लावू नये.

आणखी एक पर्याय कोणी मांडला नाही, तो नोंदवतो. पट्ट्या तुळयांवर लांबीच्या दिशेने न ठोकता आडव्या ठोकायच्या. ४०० मिलिमीटर अंतरावर १:४० ढाळासाठी प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा बरोबर १० मिलिमीटरने कमी जाडीची असते, म्हणून भिंतीपासून १००, ९०, ८० असे करत दहावी पट्टी १० मिलिमीटरची होते. निमुळता काप लागत नाही, प्रत्येक तुळईवर बाकाप्रमाणे वेगळी कपची सारता येते, आणि पट्ट्यांच्या मधून वारा बाजूच्या दिशेनेही वाहतो, त्यामुळे पागोळी यांनी सांगितलेली कोंडी काहीशी सुटते. परंतु आडवी पट्टी दोन तुळयांच्या मध्ये ४०० मिलिमीटर अधांतरी असते, आणि १० मिलिमीटर जाडीची फळी तिथे माणसाचा पाय पेलणार नाही. बारीक टोक चाळीस-पन्नास मिलिमीटरपासून सुरू करावे लागते, म्हणजे भिंतीकडची उंची तेवढीच वाढते. आपल्याकडे नेमकी उंचीच नाही.

इंग्रजी-एल

माझे छप्पर एल आकाराचे आहे. दोन्ही भुजांना १:४०च्या पट्ट्या लावल्या आणि दोन्ही उतार आतल्या कोपऱ्यात एकमेकांना मिळाले, तर तिथेही १:४० मिळेल ना?

काटकोन

नाही. दोन उतार जिथे काटकोनात मिळतात ती तिरकी रेषा लांबीने १.४१ पट असते आणि उतरण तेवढीच राहते, म्हणून तिथला ढाळ साधारण १:५७ होतो. सगळे पाणी त्याच रेषेवर गोळा होते, तेव्हा आराखडा त्या रेषेपासून सुरू करा.

लेस्टरवासी

उशिरा लिहीत आहे, पण काम झाल्यावरच लिहायचे ठरवले होते.

सर्व प्रतिसाद पुन्हा वाचल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली, की ढाळ, रोधक थर आणि भिंतीवरचे १५० यांपैकी काहीही कापले तर त्याची किंमत पुढे कधीतरी मोजावी लागणार. न कापता हलवता येईल अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे खिडकी. जिन्यावरची ती लाकडी खिडकी तशीही खालून कुजली होती. तिचे सिल विटेच्या दोन थरांनी, म्हणजे १५० मिलिमीटरने वर घेतले आणि कमी उंचीची नवी खिडकी बसवली. ३१०चे ४६० झाले, लागणार होते ४२६, वर ३४ शिल्लक. जिन्यावर उजेड किंचित कमी झाला अशी घरातून एक तक्रार आहे, ती मी मान्य केली आहे. निम्म्याहून अधिक छप्पर नव्याने होत असल्यामुळे उष्णतारोधनासह इमारत नियमांची मंजुरी लागली. निरीक्षकाने प्रत्यक्ष येऊन बाष्परोधक पडद्याचे जोड पाहिले.

रंधा यांच्या सांगण्याप्रमाणे सूत ताणले. चौदापैकी नऊ तुळयांचा बाक पाच मिलिमीटरच्या आत होता, तिथे कपच्यांवर भागले. मधल्या पाचांचा ११ ते १४ निघाला, आणि डबके बरोबर त्यांच्याच वर असायचे. त्या पाचांना जोडतुळया लावल्या. वखारीत दिलेली मागणी अशी होती: लांबी ३.६ मीटर, रुंदी ४७, जाड टोक १००, बारीक टोक १०, नग १४. पट्ट्या आल्यावर पहिल्याच दोन जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या, तर एकीचे जाड टोक ९४ भरले. वखारीने ती जोडी बदलून दिली. आम्ही मोजले नसते तर ती निमूटपणे वर गेली असती. कापलेल्या अंगांना रक्षक लावण्यात माझा एक अख्खा शनिवार गेला, आणि ते हिरवे डाग अजून बोटांवरून पूर्ण गेलेले नाहीत.

रंधा

जोडी मोजून घेतलीत हे उत्तम केलेत. रबर चिकटवण्याआधी बोर्डांवर ढाळ तपासला होता का?

लेस्टरवासी

तपासला, पण पाण्याने नाही, कारण उघड्या ओएसबीवर बादली ओतायचा धीर झाला नाही. मुलीचा टेनिसचा चेंडू भिंतीशी ठेवून दर ४०० मिलिमीटरवर सोडत गेलो. तेरा वेळा तो पन्हळीपर्यंत गेला. सहाव्या तुळईवर मात्र पन्हळीच्या अर्धा मीटर अलीकडे डावीकडे वळून थांबला. खाली वाकून पाहिले, तर तिथल्या जोडावर एका बोर्डाची कड नखभर वर राहिली होती. स्क्रू काढून खाली अडकलेली लाकडाची ढलपी काढली, बोर्ड पुन्हा आवळला आणि मगच रबराची गुंडाळी वर चढवू दिली.